मुलांचे हृदय आणि सरकारची तपासणी

शाळेच्या पटांगणात आरोग्य खात्याची गाडी येऊन थांबली की मुलांमध्ये एकच गलबला होतो. “डॉक्टर आले, डॉक्टर आले!” कुणी सुईच्या भीतीने मागे दडतो, कुणी आपली पाळी आधी यावी म्हणून रांगेत घुसतो. मग एकेक पोर सदरा वर करून उभे राहते. डॉक्टर छातीला नळी लावतात, क्षणभर कान देऊन ऐकतात, कार्डावर काहीतरी लिहितात आणि म्हणतात, “चला, पुढचा.” दोन मिनिटांचे काम. हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. शिक्षक असाल तर ती रांग तुम्हीच लावली असेल.

पण मुलाचे हृदय तपासणे हे आईबापांचे काम की सरकारचे? सरकारचे असेल तर ते सरकारने केव्हापासून आपले मानले? आणि तपासताना दोष सापडला तर पुढे काय करायचे, हे कुणी ठरवले? या तीन प्रश्नांचा इतिहास आज थोडक्यात पाहू. तो निरनिराळ्या देशांत घडला आहे, पण त्याचा एक धागा थेट आपल्या मराठी मुलखापर्यंत येऊन पोचतो.

सुरुवात त्या नळीपासून करू. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेक नावाच्या डॉक्टरांपुढे एक तरुण बाई आली. तिला हृदयाचा त्रास होता. त्या काळी डॉक्टर रोग्याच्या छातीला सरळ कान लावून ऐकत. पण तरुण स्त्रीच्या बाबतीत ते प्रशस्त दिसेना, आणि बाई अंगाने स्थूल असल्यामुळे नीट ऐकूही आले नसते. लेनेकने कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीला आणि दुसरे आपल्या कानाला लावले. ठोके पूर्वीपेक्षाही स्पष्ट ऐकू आले! यातूनच स्टेथास्कोप जन्माला आला. हृदयाच्या झडपा नीट मिटत नसल्या किंवा नीट उघडत नसल्या, तर ठोक्यांच्या मध्ये एक फुसफुस किंवा खरखर ऐकू येते. डॉक्टर तिला ‘मर्मर’ म्हणतात.

दुसरे साधन आले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. हॉलंडमधील लायडनच्या विद्यापीठात आइन्थोवेन या प्राध्यापकांनी हृदयात उठणारी सूक्ष्म वीज टिपण्याचे यंत्र बनवले. हे गृहस्थ जन्मले होते जावा बेटावरच्या सेमारंग गावी. त्यांचे यंत्र एवढे मोठे की ते चालवायला पाच माणसे लागत, आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. रोगी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात आणि यंत्र प्रयोगशाळेत, मध्ये टेलिफोनची तार, असाही प्रयोग त्यांनी करून दाखवला. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज ज्याला आपण ईसीजी म्हणतो तो हाच. नळीला ऐकू न येणारे काही दोष या आलेखात दिसतात.

साधने आली, पण ती चार पैसे बाळगणाऱ्यांच्या कामाची. गरिबाच्या पोराच्या छातीला नळी कोण लावणार?

याचे उत्तर दिले, आणि तेही काहीसे स्वार्थापोटी, इंग्लंडने. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झाले. सैन्यात भरती व्हायला आलेल्या कामगार वर्गातल्या तरुणांपैकी कितीतरी जण शरीराने इतके खंगलेले निघाले की त्यांना परत पाठवावे लागले. साम्राज्य राखायला धड माणसे मिळेनात, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. १९०४ मध्ये एका समितीने या ऱ्हासाची चौकशी करून अहवाल दिला आणि १९०७ मध्ये कायदा झाला, की सार्वजनिक प्राथमिक शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी स्थानिक शिक्षणसंस्थांनी केलीच पाहिजे. डोळे, कान, दात यांच्याबरोबर हृदयही त्यात आले.

या कायद्यात एक मोठी मेख होती. तपासणी हे कर्तव्य होते. उपचार मात्र ऐच्छिक. सापडलेल्या रोगावर इलाज करण्याची मुभा स्थानिक मंडळांना होती, सक्ती नव्हती. म्हणजे डॉक्टरने लिहायचे, “हृदयात दोष,” चिठ्ठी घरी पाठवायची, आणि बापाच्या खिशात पैसे नसले तर चिठ्ठी चुलीत जायची! प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या उपचाराची व्यवस्था हे कर्तव्य ठरायला १९१८ चा कायदा यावा लागला. तपासणी आणि उपचार यांच्यात अकरा वर्षे गेली. ही अकरा वर्षे लक्षात ठेवा, कारण यानंतरचा सगळा इतिहास म्हणजे हे अंतर कमी करण्याचा इतिहास आहे.

आता तो मराठी धागा. इंग्लंडचा कायदा होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १९०९ मध्ये, बडोदे शहरात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेची सुरुवात तेथून मानली जाते. बडोद्याच्या गादीवर तेव्हा सयाजीराव गायकवाड होते. मूळ नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. त्यांनी १९०६ मध्ये आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. या दोन सालांची संगती पाहा. ज्या राजाने प्रत्येक घरातले मूल शाळेत बसवले, त्याला त्या मुलाचे शरीर डोळ्यांआड करता आले नाही. मूल आपण हक्काने शाळेत आणतो, तर ते कसे आहे हे पाहणेही आपल्याकडे येते. इंग्लंडला ही जाणीव युद्धाने करून दिली. बडोद्यात ती शाळेच्या वाटेने आली.

इथे थोडे थांबून, मुलाच्या हृदयात होते तरी काय, ते समजून घेऊ. ढोबळ मानाने तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार जन्मतःच असलेल्या दोषांचा. ज्याला आपण ‘हृदयाला भोक असणे’ म्हणतो तो यातलाच. हजार बालकांमागे साधारण आठ-नऊ बालकांत असा काही ना काही दोष असतो.

दुसरा प्रकार संधिज्वराचा, डॉक्टर ज्याला रुमॅटिक ताप म्हणतात. मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने धरतो. घसा बरा होतो, पण दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे सुजतात. एक सांधा बरा झाला की दुसरा धरतो. हे दुखणेही जाते आणि घरचे लोक विसरून जातात. पण काही मुलांत जाताजाता ते हृदयाच्या झडपांवर कायमचा डाग ठेवून जाते. पाच ते पंधरा हे वय याचे, म्हणजे नेमके शाळेचे. दाटीवाटीची घरे आणि गरिबी जिथे, तिथे हा रोग अधिक.

तिसरा प्रकार छुपा. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड किंवा कमकुवत असतो, नाहीतर त्याच्या विजेच्या मार्गात खोट असते. मूल दिसायला ठणठणीत, धावण्यात पहिले. एखाद्या दिवशी मैदानावर ते कोसळते आणि उठत नाही. हे क्वचित घडते, पण ज्या घरात घडते त्या घराला ‘क्वचित’ या शब्दाने काय दिलासा मिळणार?

१९४० पर्यंत या तिन्ही प्रकारांत सापडलेल्या मुलाला सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. विश्रांती घ्या, अंथरुणात पडून राहा, एवढेच. मग चित्र पालटले. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या एका लष्करी तळावर असे सिद्ध झाले की घसा धरल्याबरोबर पेनिसिलिन दिले तर संधिज्वर टळतो. पुढे लांब पल्ल्याचे पेनिसिलिन आले. एकदा संधिज्वर झालेल्या मुलाला तीन-चार आठवड्यांनी एक सुई वर्षानुवर्षे देत गेले, तर तो उलटत नाही आणि झडपा वाचतात. १९५३ मध्ये हृदयाचे काम यंत्रावर सोपवून हृदय उघडून केलेली पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत यशस्वी झाली. दोष शोधण्याला आता खरा अर्थ आला. सापडलेल्या मुलासाठी काही करता येऊ लागले.

या संधीचा सर्वांत शिस्तशीर उपयोग जपानने केला. १९७३ पासून तेथे शाळांत हृदयाची तपासणी सक्तीची झाली, आणि १९९५ पासून पहिली, सातवी आणि दहावी या इयत्तांच्या प्रत्येक मुलाचा ईसीजी काढला जातो. शाळेत, सार्वजनिक खर्चाने. पण मला जपानची ही गोष्ट सांगायची आहे ती यंत्रासाठी नव्हे, एका कागदासाठी. ज्या मुलात दोष सापडतो त्याच्यासाठी डॉक्टर एक तक्ता भरून देतात. त्यात पाच श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीतल्या मुलाने घरी किंवा रुग्णालयात राहावे. पाचव्या श्रेणीतल्याने सगळे खेळ खेळावेत. मधल्यांनी कोणते खेळावेत आणि कोणते टाळावेत हे खेळांच्या नावांनिशी लिहिलेले असते. तो तक्ता शाळेत ठेवलेला असतो. म्हणजे डॉक्टरचे म्हणणे शिक्षकाच्या हाती, त्याला समजेल अशा भाषेत पोचते. दोष असलेल्या मुलाला धोका होत नाही आणि दोष किरकोळ असला तर त्याला उगाच कोपऱ्यात बसवलेही जात नाही. ही दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे, नाही का?

छुप्या दोषांच्या बाबतीत गाजलेला प्रयोग इटलीचा. तेथे १९७८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन झाली, आणि १९८२ पासून असा नियम झाला की स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूने दरवर्षी तपासणी करून दाखला आणलाच पाहिजे. तपासणीत घरातल्या आजारांची विचारपूस, अंगतपासणी आणि ईसीजी हे आले. व्हेनेतो प्रांतात पादुआ या विद्यापीठाच्या गावी डॉक्टरांनी याचा हिशेब चोख ठेवला. बारा ते पस्तीस वर्षांच्या ४२,३८६ खेळाडूंची तेथे २००४ पर्यंत तपासणी झाली. त्यांतल्या ८७९ जणांना, म्हणजे शेकडा दोघांना, हृदयाच्या कारणाने स्पर्धेपासून दूर ठेवण्यात आले. १९७९-८० मध्ये त्या प्रांतात दर लाख खेळाडूंमागे वर्षाला ३.६ अचानक मृत्यू होत. २००३-०४ मध्ये तो आकडा ०.४ वर आला. त्याच काळात, तपासणी न झालेल्या इतर तरुणांतले प्रमाण होते तेवढेच राहिले.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्या जगाने हेच का केले नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. इस्राएलने १९९७ मध्ये असाच कायदा केला. २०११ मध्ये तेथील डॉक्टरांनी हिशेब मांडला तर कायद्याआधीचे आणि नंतरचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. इंग्लंडमध्ये वीस वर्षांत अकरा हजारांहून अधिक किशोर फुटबॉलपटूंची उत्तम यंत्रांनी तपासणी झाली. त्यांतल्या बेचाळीस जणांत गंभीर दोष सापडले. पण पुढे हृदयरोगाने जे आठ जण दगावले, त्यांतल्या सहा जणांची तपासणी निर्दोष ठरली होती! त्यातून निरोगी मुलाच्या आलेखात नसता दोष दिसला तर घरभर घबराट, हेलपाटे, खर्च. म्हणूनच ब्रिटनच्या सरकारी सल्लागार समितीने सर्व तरुणांची अशी सरसकट तपासणी करावी असा सल्ला दिला नाही. तेव्हा तपासणी म्हणजे अमृत नव्हे. एकदा नळी लावली की मूल सुरक्षित, असे कुणी समजू नये.

मग आपण आपल्यापुरते काय घ्यायचे? आपल्या मुलांपुढचा मोठा प्रश्न इटलीच्या खेळाडूंचा नाही. आपल्याकडे जन्मजात दोष आणि संधिज्वर हे दोन शत्रू अजून घरात आहेत, आणि दोघांनाही वेळेवर पकडले तर इलाज आहे.

आपल्या देशातील वाटचाल पाहा. १९४६ च्या भोर समितीने स्पष्ट लिहिले की शालेय आरोग्यसेवा हिंदुस्थानात जवळजवळ नाहीच. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिने अहवाल दिला. अनेक राज्यांत तपासण्या सुरू झाल्या. पण त्यांची गत बहुधा इंग्लंडच्या पहिल्या कायद्यासारखी. कार्ड भरले, कार्ड कपाटात गेले.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या लहानपणी आमच्या वर्गात एक मुलगा होता. अभ्यासात हुशार, पण कबड्डीत दोन चढाया केल्या की धापा टाकत कडेला बसायचा. आम्ही त्याला ‘म्हातारबा’ म्हणून चिडवत असू. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी त्याच्या कार्डावर लिहिले होते, “हृदयात मर्मर. मोठ्या दवाखान्यात दाखवावे.” ते कार्ड शाळेच्या कपाटात इतर कार्डांबरोबर नीट बांधून ठेवलेले होते. ते त्याच्या वडिलांनी पाहिले चार वर्षांनी, दाखला काढायला आले तेव्हा. तोवर झडप पार निकामी झाली होती. डॉक्टर चुकले नाहीत. त्यांनी बरोबर ऐकले, बरोबर लिहिले. शिक्षकांनीही मुद्दाम काही केले नाही. कार्डापासून घरापर्यंतचे एक मैलाचे अंतर चालायचे काम कुणाकडेच दिलेले नव्हते, एवढेच. कॉलेजात येण्याआधीच तो गेला.

२०१३ च्या फेब्रुवारीत ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू झाला तो हे अंतर भरून काढण्याच्या उद्देशाने. त्याचा आरंभ झाला आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या आदिवासी भागात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. तालुक्यातालुक्यात फिरती पथके नेमलेली असतात. पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी व्हावी असा नियम. ज्या तीसेक व्याधी पाहायच्या त्यांत जन्मजात हृदयदोष आणि संधिज्वराने होणारा हृदयरोग हे दोन्ही आहेत. मुख्य म्हणजे, सापडलेल्या मुलाला पुढे पाठवणे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेपर्यंतचा उपचार विनामूल्य करणे, हे या योजनेत आरंभापासून लिहिलेले आहे. इंग्लंडला ज्यासाठी दुसरा कायदा करावा लागला, ते इथे पहिल्याच कागदावर आले.

शास्त्रही पुढे गेले आहे. ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारे यंत्र, म्हणजे इको, आता हातात धरून नेता येते. कंबोडिया आणि मोझांबिक या देशांतील शाळकरी मुलांवर केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नळीने जेवढी मुले सापडली त्यांच्या सुमारे दहापट इकोने सापडली. आणि २०२१ मध्ये युगांडातून बातमी आली की अशा अगदी आरंभीच्या अवस्थेतल्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिले तर दोन वर्षांत शंभरातल्या एकाचाही रोग बळावत नाही. न दिले तर आठांचा बळावतो. म्हणजे सुई तीच, सत्तर वर्षांपूर्वीची, स्वस्तातली. प्रश्न उरतो तो मूल दर महिन्याला त्या सुईपर्यंत पोचण्याचा.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, कायदे, पथके आणि यंत्रे यांच्या या साखळीत शेवटची कडी तुमची आहे. पथक वर्षात एक दिवस येते; तुम्ही मुलाला रोज पाहता. धावताना चक्कर येऊन पडणारे, बरोबरीच्या मुलांआधीच दमणारे, ओठ वा नखे निळसर दिसणारे, घसा दुखून गेल्यावर तापाने आणि सुजऱ्या सांध्यांनी आठवडाभर घरी राहिलेले, ज्याच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेले आहे असे मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्याचे नाव वहीत लिहून ठेवा आणि पथकाच्या डॉक्टरांना सांगा. त्याने खेळायचे की नाही हे आपण ठरवू नये. ते डॉक्टरांना विचारावे.

आणि आईबापांनो, शाळेतून चिठ्ठी आली तर घाबरू नका, पण ती खुंटीला टांगूनही ठेवू नका. मर्मर ऐकू आलेल्या पुष्कळ मुलांत काहीच दोष निघत नाही. पण ते तज्ज्ञाने सांगायचे. महिन्याची सुई लिहून दिली असेल तर पोर आता बरे दिसते म्हणून ती बंद करू नका.

सरकार मुलाच्या छातीला नळी लावते तेव्हा त्या मुलाला न बोलता एक वचन देत असते, की तुझ्यात काही सापडले तर तुला वाऱ्यावर सोडणार नाही. इंग्लंडला हे वचन उमगायला अकरा वर्षे लागली. आपल्याकडे ते आता कागदावर लिहिलेले आहे. पुढच्या वेळी शाळेत गाडी येऊन जाईल तेव्हा त्या कार्डांचा गठ्ठा कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा सोडून पाहा. ज्या कार्डावर “पुढे दाखवावे” असे लिहिले असेल, ते घेऊन त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जा.